अंगठ्याचे माप

मुकादमाने नव्या फिटरचा अंगठा धरला, आपल्या बाहीला पुसला आणि त्याच्या शेजारी स्वतःचा अंगठा ठेवला. मग दोन्ही अंगठे खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिले. मागे दुसऱ्या पाळीची रांग ताटकळत उभी होती.

"बाजूला हो जरा," तो म्हणाला. "तुझं काहीतरी बिघडलेलं दिसतंय."

"माझं?" फिटर चाळिशीचा, रुंद छातीचा माणूस होता. नुकताच कुठल्याशा कागदाच्या गिरणीतून इथे आला होता आणि आजवर बाहेरच्या पाइपांवरच काम करत होता. खात्यात शिरायची ही त्याची पहिलीच वेळ. "मला काय धाड भरलीय?"

"ते तूच सांग. नखं बघ तुझी. गाजरासारखी लाल. ताप आहे का अंगात?"

"ताप नाही."

"रक्तदाब?"

"कधी मोजला नाही."

"मग मोजून घे."

रांगेत खसखस पिकली. "मुकादम, लाजलाय तो," मागून कोणीतरी म्हणाले. "एवढ्या प्रेमानं त्याचा हात घरीसुद्धा कोणी धरत नसेल."

मुकादमही हसला, पण त्याने फिटरला आत सोडले नाही. कंपाउंडरकडे पाठवले. कंपाउंडरने नाडी पाहिली, जीभ पाहिली, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला आणि माणूस ठणठणीत आहे असा निरोप पाठवला. तरी मुकादमाचे समाधान होईना. जे नख आपल्या नखाशी जुळत नाही त्याला आत जाऊ द्यायचे नाही, ही त्याची इतक्या वर्षांची शिस्त. ती एका माणसासाठी मोडायची म्हणजे उद्या सगळ्यांसाठी मोडावी लागणार.

"आज घरी जा," तो फिटरला म्हणाला. "पडून राहा. उद्या परत बघू."

बाकीच्या जगात अंगठा दाखवला की भांडण होते. ॲनिलीनच्या खात्यात तो दाखवला नाही तर कामावर घेत नसत. कारण तिथे जे शिजे ते नाकातून जाई तसेच कातडीतूनही जाई, आणि रक्तात मिसळले की माणूस आतून निळा पडू लागे. आधी नखे, मग ओठ, मग कानाच्या पाळ्या. नखे निळसर दिसली की त्या माणसाला त्या दिवशी टाकीपाशी फिरकू द्यायचे नाही, बाहेर मोकळ्या हवेत पिंपे धुवायला बसवायचे, एवढा साधा नियम होता.

पूर्वी त्यासाठी एक कार्ड असे, गुलाबीपासून जांभळ्यापर्यंत पट्ट्या छापलेले. तेजाबाच्या वाफेने त्या पट्ट्यांचे रंग कधीच उडून गेले. नवे कार्ड मागवू मागवू म्हणता आधीच्या मुकादमाने याला पुढे केले. हा टाकीत उतरत नाही, नुसता वर उभा राहून देखरेख करतो. तेव्हा याचा अंगठा तो चांगला अंगठा, असे ठरले. सगळ्यांना ते पटले, कारण खोट काढावी असे त्यात काही दिसत नव्हते. पुढे आधीचा मुकादम गेला, हा मुकादम झाला, आणि अंगठा तसाच चालू राहिला. लोक त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणाऱ्या त्या माणसाला त्याचे वाईट वाटत नसे. उलट छाती थोडी फुगत असे. आपल्या हाताखाली आजवर कोणाचा बळी गेला नाही, हे तो चारचौघांत बोलूनही दाखवी.

फिटर निघून गेला आणि रांगेत धाकटा पुढे आला. हा मुकादमाचा सख्खा भाऊ, त्याच्याहून बराच लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा यानेच त्याला वाढवले आणि यानेच खात्यात चिकटवले. आज टाकीत उतरायची पाळी धाकट्याची होती.

"घ्या सरकार," म्हणून त्याने अंगठा पुढे केला.

मुकादमाने आपला अंगठा लावला. इतके ते दोन अंगठे एकसारखे होते की तिसऱ्याने पाहिले असते तर कोणता कोणाचा हे सांगता आले नसते. "हे बघा," तो रांगेला म्हणाला. "असा असतो अंगठा."

"डोकं ठणकतंय रे दादा सकाळपासून," धाकटा हळूच म्हणाला.

"झोपला नसशील."

"झोपलो की. काल तर जिन्यात मध्येच बसावं लागलं. दम लागला."

मुकादमाने पुन्हा अंगठा लावला. या खेपेला खिडकीपाशी नेऊन, नीट. काडीचा फरक नव्हता. त्याने भावाच्या पाठीवर थाप मारली.

"नखं स्वच्छ आहेत. उन्हानं होतं असं. जा, पण पाणी पीत जा अधूनमधून."

धाकटा गमबूट ओढत आत गेला. रांग संपली, मुकादमाची पाळीही संपली, आणि तो घरी निघाला. वाटेत नेहमीचेच सगळे. एका टोकाला बेंझिनच्या टाक्या. मग तेजाबाचे खाते, जिथे बेंझिनचे नायट्रोबेंझिन होई आणि हवेला बुटाच्या पॉलिशचा आणि कडू बदामाचा वास येई. शेवटी त्याचे स्वतःचे खाते, जिथे तेच द्रव्य लोखंडाच्या किसाबरोबर ढवळून ढवळून ॲनिलीन काढत. ॲनिलीन पिंपांत भरून रंगाच्या, रबराच्या, औषधांच्या कारखान्यांना जाई आणि टाकीच्या तळाशी उरे तो काळा गाळ. तो मात्र माणसानेच आत उतरून फावड्याने काढावा लागे. साहेब एकदा चहा पिता पिता म्हणाला होता की पुस्तकात या सगळ्या कुळाला सुगंधी म्हणतात. त्यावर खाते कितीतरी दिवस हसत होते. सगळ्यात घाणेरड्या मोरीचे नाव मग 'सुगंधी' पडले ते कायमचे.

घरी ताई येऊन बसली होती. दोघा भावांची थोरली बहीण, लग्न होऊन लांब गेलेली, वर्षानुवर्षे फोनवर भागवणारी. ती न कळवता आली, म्हणजे काहीतरी मनात धरून आली हे मुकादमाने दारातच ओळखले. त्याच्या बायकोने परातीत मटारच्या शेंगा घेतल्या होत्या आणि दोघी समोरासमोर बसून सोलत होत्या.

"ये," ताई म्हणाली, आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. "केवढा काळवंडलास रे."

"कारखान्यात काम करतो ताई. गोरागोमटा कुठून होऊ?"

"काळा झालास असं नाही म्हणत मी. काळवंडलास म्हणतेय. दोन्हींत फरक आहे." तिने एक शेंग मोडली. "धाकट्याचा फोटो मी एका ठिकाणी दाखवला होता, आठवतं? मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे. त्यांनी फोटो परत केला."

"का? नाक आवडलं नाही?"

"थट्टा नको. विचारत होते, मुलाला हृदयाचं काही दुखणं आहे का. ओठ असे का दिसतात म्हणाले. मी कडाकडा भांडले त्यांच्याशी. आमच्या घरात असलं काही नाही, म्हटलं. मग घरी येऊन मीच तो फोटो उजेडात धरला आणि माझी झोप उडाली."

"फोटोवाल्याचं काम असेल. रंग नीट उतरत नाहीत कधी कधी."

"मागची भिंत पांढरीशुभ्र उतरलीय. शर्ट उतरलाय. ओठच तेवढे उतरले नाहीत होय?"

"वन्सं, मी पण सांगून थकले," मुकादमाची बायको म्हणाली. "भाऊजी हल्ली जेवता जेवता उठून जातात. डोकं धरून बसतात."

"ते उन्हाचं," मुकादम म्हणाला.

पुढचे बोलणे टळावे म्हणून तो परातीपाशी बसला आणि त्याने एक शेंग उचलली. परातीत आता तिघांचे हात होते. त्याची नजर सवयीने नखांवर गेली. दिवसभर दुसऱ्यांची नखे पाहणाऱ्या माणसाची नजर दुसरीकडे जाणार कुठे? बायकोची नखे त्याच्या नखांसारखीच होती. ताईची लाल होती. त्या फिटरसारखी, गाजरासारखी लाल.

"ताई, तुला ताप आहे का?"

"मला? घोड्यासारखी आहे मी."

"हात बघू."

ताईने मटाराचा हात पदराला पुसून पुढे केला. मुकादमाने आपला अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिला. सकाळपासून हा दुसरा आजारी माणूस.

"तुमच्याकडे कसली साथ आलीय का?"

"साथ? काय बोलतोयस तू? वहिनी, हा बरा आहे ना?"

"आलोच मी," म्हणून मुकादम उठला. बायकोने चहा टाकल्याचे सांगितले, तेही त्याच्या कानावरून गेले.

कंपनीची वसाहत ओलांडून तो बसच्या थांब्यापर्यंत आला. नेमके कशासाठी, हे त्याला विचारले असते तर सांगता आले नसते. फळे विकणारी बाई तागडी उचलून धरत होती. तिच्या नखांत माती होती, पण मातीखाली लाल. तिने शेजारच्या गिऱ्हाइकाला पेरू दिला, त्या हाताचीही नखे लाल. थांब्यावर एक माणूस खांबाला हात लावून उभा होता, तो लाल. एका बाईच्या खांद्यावर तान्हे मूल झोपले होते, त्याची लोंबणारी मूठ तर इतकी लाल होती की मुकादमाला वाटले, या पोराला आधी डॉक्टरकडे न्यायला हवे.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" त्याने खांबाजवळच्या माणसाला विचारले.

त्या माणसाने आपली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चार पावले लांब जाऊन उभा राहिला.

एवढी माणसे एकदम आजारी पडली आणि कोणालाच पत्ता नाही? बस आली, भरली, निघून गेली. खिडक्यांच्या दांड्यांवर हातच हात होते आणि एकूणएक लाल. मुकादम तिथेच उभा राहिला. परातीतून उचललेली मटाराची शेंग अजून हातात होती. तिच्यावर त्याचा अंगठा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्या अंगठ्याकडे दुसऱ्याच्या अंगठ्याकडे पाहावे तसे पाहू लागला.

रस्ता आजारी नव्हता.

बायको त्याचे आणि धाकट्याचे कामाचे कपडे रोज हाताने धुते, म्हणून तिची नखे त्याच्यासारखी. खात्यातल्यांची तर असणारच. घरात जुळत होते, खात्यात जुळत होते, आणि जुळते आहे तेवढ्यावर तो इतकी वर्षे 'स्वच्छ' म्हणत आला होता. टाकीत तो उतरत नसेल, पण टाकीच्या तोंडाशी उभा राहून हवा तीच घेत होता. सगळे मिळून रोज थोडेथोडे निळे होत गेले आणि त्याचा अंगठा सगळ्यांच्या बरोबरीने निळा होत गेला. फरक पडणार कसा आणि दिसणार कसा? ज्याला डोके ठणकते म्हणून, दम लागतो म्हणून सांगायची वेळ आली, त्याच्याही अंगठ्याला त्याने आपलाच अंगठा लावला होता. आणि त्याला टाकीत पाठवले होते.

फिटरची खोली वसाहतीच्या मागच्या टोकाला होती. मुकादम धावत गेला, म्हणजे जितके धावता आले तितके. फिटर दारात बसून शर्टाला बटण लावत होता.

"चल," मुकादम म्हणाला. "तुझा हात पाहिजे."

"आता आणि काय झालं माझ्या हाताला?"

"काही झालेलं नाही. म्हणूनच पाहिजे."

फिटर हसणार होता. मग त्याने मुकादमाचे तोंड पाहिले, सुई शर्टातच खोचली आणि उठला.

टाकीच्या माचीवर दोरवाला पाय सोडून बसला होता. धाकट्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक त्याच्या हातात होते. खालच्या आवारात पाळीची बाकीची माणसे फावड्याने गाळ गाड्यात भरत होती. दिवे नुकतेच लागले होते.

"वर घे त्याला," मुकादम पायऱ्यांवरूनच ओरडला.

"निम्मा गाळ राहिलाय अजून."

"वर घे म्हणतो ना!"

मुकादमाचा आवाज असा चढलेला खात्यात कोणी ऐकला नव्हता. दोरवाल्याने दोराला झटका दिला. आतला फावड्याचा आवाज थांबला आणि मुखवट्यातून घुमत धाकट्याचा आवाज आला, "काय रे, चहा आला काय?"

"वर ये," मुकादम टाकीच्या तोंडाशी वाकून म्हणाला. "आधी वर ये, मग सांगतो."

शिडीवर बूट वाजू लागले, आणि थांबले. थट्टा करतोय, असे मुकादमाला वाटले. मग आणखी एक पाऊल वाजले आणि पुन्हा शांतता.

"ही शिडी कोणी लांबवली रे?" धाकटा आतून म्हणाला. या खेपेला आवाजात थट्टा कमी होती.

शेवटी फिटरने आणि दोरवाल्याने त्याला बखोटीला धरून वर ओढले आणि मुखवटा काढला. धाकटा कठड्याला टेकून बसला आणि भावाकडे बघून हसला. चेहरा रोजचाच होता. मुकादमाला एकट्याला त्यात वावगे असे काही दिसले नसते. त्याने फिटरचे मनगट पकडले आणि तो हात भावाच्या ओठांपाशी नेऊन धरला.

"आई गं," दोरवाला म्हणाला.

शाळेतल्या पाटीचा असतो तो रंग होता.

"काय झालं?" धाकट्याने विचारले. "माझ्या तोंडाला काय लागलंय?" त्याने मनगटाने ओठ पुसले, मनगटाकडे पाहिले, आणि पुन्हा पुसले. मग तो हळूहळू एका अंगावर कलंडला, झोप अनावर झाल्यासारखा.

त्याला खाली नेले, अंगावरचे सगळे कपडे काढून गार पाण्याने धुतले, कंपाउंडरने ऑक्सिजनची नळी लावली. हे सगळे मुकादम पाहत होता, पण आपण पाहतो आहोत असे त्याला वाटत नव्हते. कंपनीची गाडी आली. कंपाउंडर भावाच्या उशाशी बसला.

"वाचेल ना?" मुकादमाने विचारले.

"आत्ता आणलंत म्हणून आशा आहे. अजून थोडा वेळ गेला असता तर मला विचारू नका." मग त्याने एकदा मुकादमाकडे आणि एकदा फिटरकडे पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले, आणि दार लावून घेतले. मुकादमाने पहारेकऱ्याला ताईकडे निरोप घेऊन पिटाळले. स्वतः गाडीमागे धावावे असे त्याला फार वाटले. पण आवारात माणसे उभी होती, आणि त्या सगळ्यांना आज दुपारी त्याने आत सोडले होते.

"रांग लावा," तो म्हणाला.

रांग लागली. सवयीने सगळ्यांचे अंगठे पुढे आले. मुकादमाने आपला हात मागे ठेवला आणि फिटरचा हात पुढे धरला. पहिल्या माणसाच्या अंगठ्याशेजारी तो लाल अंगठा गेला, तेव्हा त्या माणसाला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

"बस," मुकादम म्हणाला. "भिंतीशी जाऊन बस. आज काही उचलू नकोस."

दुसरा बसला. तिसरा बसला. दुपारी प्रेमाने हात धरण्याचा विनोद ज्याने केला होता तो मध्यमवयीन गडी हात पुढे करीचना. "माझं राहू द्या, मुकादम," तो म्हणाला. "मला घरी चार तोंडं आहेत." त्याचा हात धरून ओढावा लागला. मग तोही भिंतीशी जाऊन बसला आणि दोन्ही हात त्याने काखेत घालून टाकले. दोरवाला सगळ्यात शेवटी माचीवरून उतरला. त्याचे नख पाहून फिटरनेच तोंड फिरवले.

एवढ्यात साहेब आला. त्याला बातमी लागली होती. त्याने आरडाओरडा केला नाही, तो त्या जातीचा माणूसच नव्हता. मुकादमाचे सगळे बोलणे त्याने शांतपणे ऐकून घेतले, चष्मा चढवला, फिटरचा हात पाहिला, भिंतीशी बसलेल्या दोघातिघांचे हात वाकून वाकून पाहिले.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "हे आमच्याच लक्षात यायला हवं होतं. उद्या सगळ्यांचं रक्त तपासून घेऊ. गाडीची व्यवस्था मी करतो."

मुकादमाला इतके हलके वाटले की डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते. आपल्याला खोटे पाडतील, नोकरीवरून काढतील, असे काय काय त्याच्या मनात येऊन गेले होते.

साहेबाने टाकीकडे पाहिले.

"आत किती राहिलाय?"

"निम्मा."

"सकाळपर्यंत त्याचा दगड होईल. मग छिन्नीनं फोडत बसावं लागेल. आणि तिकडे नायट्रोबेंझिन भरून तयार आहे, ते ठेवायचं कुठे?"

साहेबाची नजर भिंतीशी बसलेल्या माणसांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेली.

"म्हणजे यांच्यातला एकही उतरण्यासारखा नाही?"

"एकही नाही, साहेब."

"आणि हा?"

"हा? हा एकदम ठणठणीत!" मुकादम म्हणाला, आणि फिटरचा हात त्याने दिव्याच्या उजेडात थोडा उंच धरला, आपल्या घरातली चांगली वस्तू पाहुण्याला दाखवावी तसा.

"मग अडलंय कुठे?" साहेब म्हणाला. "याला उतरवा."

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. नियम तोच होता: ज्याचा अंगठा चांगला तो आत. मुकादमाने शब्द परत घ्यायला तोंड उघडले, पण परत काय घेणार? त्याने खरे तेच सांगितले होते. भिंतीशी बसलेली माणसे जमिनीकडे पाहू लागली. फिटर साहेबाकडे पाहतच नव्हता. तो मुकादमाकडे पाहत होता.

"मुकादम," तो हळू आवाजात म्हणाला, "हात सोडा माझा."

मुकादमाने हात सोडला. मग वळला आणि माचीच्या पायऱ्या चढू लागला. मध्ये एकदा कठडा धरून थांबला, पुन्हा चढला. टाकीचे झाकण लोखंडी होते, दोन माणसांनी मिळून उचलायचे. ते त्याने एकट्याने फरफटत ओढले. आवारभर कर्कश आवाज होत राहिला. झाकण तोंडावर बसले, आणि त्याच्यावर मुकादम बसला.

"मुकादम, हे काय?" साहेबाने खालून विचारले.

"बसलोय, साहेब."

"उठा. सगळे बघतायत."

"बघू देत."

भिंतीशी चुळबुळ झाली. ज्याने हात काखेत लपवले होते तो पहिल्यांदा उठला आणि माचीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. मग दोरवाला आला. "शाब्बास मुकादम," कोणीतरी पुटपुटले. फिटरही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. मुकादमाला ते सगळे दिसत होते, पण कडेकडेने दिवे विझत चालल्यासारखे दिसत होते. कानांत कोणीतरी घण घालत होते. हवा होती, आणि ती कितीही ओढली तरी पुरत नव्हती.

"उठा मुकादम," साहेब म्हणाला. "पुन्हा सांगणार नाही."

या खेपेला मुकादमाने खरोखरच उठून पाहिले. दोन्ही तळवे झाकणावर रोवले, जोर केला. गुडघे दुसऱ्या कोणाचे असावेत तसे तिथेच राहिले. खाली सगळे माना वर करून त्याच्याकडे बघत होते. उठता येत नाही हे त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याने हातांनी एकेक पाय ओढून घेतला, मांडी घातली आणि नीट बसला.